सीलबंद नऊ पानं

४ मार्च, सोमवार

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या खोलीतलं काही मागायला आलं. खोली म्हणजे कोर्टाच्या तळघरातली सीलबंद कागदांची खोली. किल्ली माझ्याकडे असते. एखाद्यावर खटला भरायचा की नाही हे ठरवायला आमच्या हॅलोरन काउंटीतले बारा नागरिक बंद दाराआड बसतात, त्याला ग्रँड ज्युरी म्हणतात. आत कोण काय बोललं ते टाइप होऊन माझ्याकडे येतं आणि इथेच राहतं. त्यातली एक ओळही मी आजवर वाचलेली नाही. हे मी अभिमानाने लिहितोय.

आलेल्या बाई म्हणजे ओडेला फ्युगेट. सत्तरी ओलांडलेली, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, नदीकाठच्या वस्तीत एकटी राहते. तिचा धाकटा भाऊ लोनी १९८३ साली आमच्या जुन्या तुरुंगात मेला. बावीस वर्षांचा होता. त्याला आत टाकलं होतं डेप्युटी रॉयस हॅल्कमने. ग्रँड ज्युरीने हॅल्कमवर आरोप ठेवला नाही. पुढे तो सहा वेळा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आला. आता नवा तुरुंग बांधून झालाय आणि त्याला हॅल्कमचं नाव द्यायचं की नाही हे काउंटी बोर्ड ७ मे रोजी ठरवणार आहे.

"दारावर त्याचं नाव लावणार," ती म्हणाली. "त्याआधी मला बघायचंय, तेव्हा त्याला काय विचारलं होतं."

मी अर्ज तपासला. "रकाना सात रिकामा आहे."

"काय लिहायचं त्यात?"

"नोंदीतला नेमका कुठला मजकूर हवाय आणि कशासाठी, ते."

"आत काय लिहिलंय ते मला कसं माहीत असणार? सील तुम्हीच केलंय ना?"

"अगदी बरोबर. म्हणूनच नेमकं लिहावं लागतं. नाहीतर कुणीही उठून काहीही मागेल."

तिने माझा चेहरा निरखला. मग म्हणाली, "ऑरिन स्टॅम्परचा मुलगा ना तू?"

"हो."

"चेहरा त्याचाच आहे," असं म्हणून ती अर्ज घेऊन गेली. नियम पटला असावा.

६ मार्च, बुधवार

आली परत. रकाना सातमध्ये लिहिलंय : "सगळंच. कारण तो माझा भाऊ होता." नेमकेपणा शून्य. पण रकाना भरलेला आहे, तेव्हा घ्यावाच लागला.

दुपारी रोवेना मॅडमनी वर बोलावलं. रोवेना टॅकेट म्हणजे आमच्या मुख्य क्लार्क, निवडून आलेल्या. त्यांनी स्वतः कॉफी ओतून दिली.

"व्हर्लिन, ती फाईल आहे का आपल्याकडे?"

"असणारच, मॅडम."

"असणारच नको म्हणू. सापडेपर्यंत ती आहे असं आपल्याला म्हणता येत नाही. नीट शोध. घाईघाईत चूक व्हायला नको." मग सहज म्हणाल्या, "उपमुख्य क्लार्कची जागा जूनमध्ये रिकामी होतेय. तुझ्यासारखा शांत माणूस हवा तिथे."

माझ्या कामाची कदर होतेय. घरी येताना हसू आवरत नव्हतं.

१४ मार्च, गुरुवार

फाईल चार मिनिटांत सापडली. पण नीट शोध असं सांगितलंय, त्यामुळे उरलेली तीनशे बारा खोकी शोधणं चालू आहे. आजवर एकेचाळीस झाली. रोवेना मॅडम रोज विचारतात, कुठवर आलं? मी सांगतो, अजून बरीच आहेत. "शाब्बास," म्हणतात.

१७ मार्च, रविवार

नोलाने आज जेवताना विषय काढला. बायकोला कोर्टातलं मी कधीच सांगत नाही.

"ओडेलाने अर्ज केलाय म्हणे. बरं झालं. तुझे वडील होते ना त्या ज्युरीत?"

मी घास खाली ठेवला. "असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं म्हणजे? सगळं गाव म्हणतं."

"गावाला माहीत असणं शक्य नाही. ते गोपनीय आहे."

"बरं बाबा," ती म्हणाली. "मग मलाही माहीत नाही. बटाटे घे."

ती अंदाजाने बोलत असणार. वडिलांनी मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. मी सतरा वर्षांचा होतो, त्यांना आलेलं समन्स टपालपेटीतून मीच काढलं होतं, एवढंच. त्या पानगळीत त्यांनी हॅल्कमबरोबर मासेमारीला जाणं सोडलं. मग चर्चही सोडलं. दुकानात बसून लोकांच्या बुटांना तळवे मारायचे आणि हूं की चूं करायचे नाहीत. कायद्याचा मान राखणारा माणूस कसा असतो ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो. मला ही नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले होते, "कुलपं सांभाळणार? अख्खा जन्म?" चेष्टेने म्हणाले असतील.

९ एप्रिल, मंगळवार

आज सुनावणी. (फाईल सापडल्याचं मला जाहीर करावं लागलं. जज प्रुइट यांनी थेट विचारलं, "आहे की नाही?" थेट प्रश्नाला मी खोटं बोलू शकत नाही. रोवेना मॅडम माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. दगदग झाली असेल.)

सरकारी वकील ब्रॅशियर छान बोलले. गुप्तता ही ज्युरीतल्या नागरिकांच्या रक्षणासाठी असते. नावं फुटली तर त्यांच्या जिवाला धोका, पुढे कुणी ज्युरीत मोकळेपणाने बोलणार नाही.

"बारापैकी हयात किती?" जजनी विचारलं.

"एक, युअर ऑनर. पण त्या एकीच्या सुरक्षेची जबाबदारी..."

तेवढ्यात मागच्या रांगेतून चाकाच्या खुर्चीतला एक हात वर झाला. इमोजीन कॉब. वय एक्याण्णव.

"ती एक मीच. मला काही धोका नाही. चाळीस वर्षं मी हे सगळ्यांना सांगतेय. ऐकून ऐकून आमच्या वृद्धाश्रमातल्या बायका आता उठून जातात."

"मिसेस कॉब," जज घाईघाईने म्हणाले, "पुढे एक शब्द बोललात तर कोर्टाचा अवमान होईल. मला तुम्हाला अटक करावी लागेल."

"करा. पण साडेअकराला जेवण असतं, त्याआधी सोडा."

लोक हसले. मी हसलो नाही. ओडेलाही हसली नाही.

जजनी दोन्ही पक्षांचा मान राखला. नोंद द्यायची, पण आदेशाच्या परिच्छेद चारप्रमाणे सगळी नावं आणि ज्युरीची आपसातली चर्चा मार्करने काळी करायची. परिच्छेद पाचप्रमाणे मृताच्या नातेवाइकांचं मन दुखावेल असा मजकूरही काळा करायचा. अर्जदार म्हणजेच मृताची नातेवाईक, हे ब्रॅशियरनी जजच्या लक्षात आणून दिलं. जज म्हणाले, "म्हणून तर जास्त काळजी घ्यायची."

काळं करण्याचं काम माझ्याकडे आलं.

१७ एप्रिल, बुधवार

सील फोडलं.

नऊ पानं. मला वाटलं होतं निदान दोनशे असतील. वर वेळ टाकलेली आहे : सुरुवात अकरा एकतीस, समाप्ती अकरा पन्नास. एकोणीस मिनिटं.

साक्षीदार एकच. हॅल्कम. तेव्हाच्या सरकारी वकिलाने त्याला विचारलं, काय झालं? त्याने सांगितलं, पोरगा प्यायलेला होता, पडला, डोकं आपटलं. वकील म्हणाला, धन्यवाद.

मग पान आठवर ज्युरीतला सात नंबर बोलतो. नंबर आणि नावांची यादी मुखपृष्ठावर आहे. सात नंबर : ऑरिन स्टॅम्पर, चांभारकाम.

"शेजारच्या कोठडीत दोघं होते, असं तुम्हीच म्हणालात. ते कुठेत? त्यांना का नाही बोलावलं?"

सरकारी वकील : "त्यांची गरज नाही. बारा वाजता जेवण आहे."

सात नंबर : "बरं."

पुढे मतदान.

मी तो "बरं" पुन्हा पुन्हा वाचला. वडील असंच म्हणायचे. कुणी बूट घेऊन यायचं, शनिवारी हवेत म्हणायचं, तेव्हाही असंच.

१८ एप्रिल, गुरुवार

आज काही लिहीत नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

तीन मार्कर संपले. हॅल्कमचं नाव काळं केलं, वकिलाचं केलं, बारा जणांची केली. लोनीचंही केलं, सतरा ठिकाणी. "सगळी नावं" असाच आदेश आहे. पान सहावर अकरा ते चौदा या ओळी परिच्छेद पाचखाली केल्या. त्या ओळी इथेही लिहीत नाही.

रोवेना मॅडमनी प्रत तपासली. पान आठवर त्यांचं बोट थांबलं.

"हा प्रश्न राहिलाय."

"प्रश्न हे नाव नाही, मॅडम. परिच्छेद चारमध्ये बसत नाही."

"मग ज्युरीची चर्चा म्हणून कर."

"चर्चा आपसात होते. हा प्रश्न वकिलाला विचारलाय. आणि यात कुणाचं मन दुखावण्यासारखं काही नाही."

"व्हर्लिन, जूनमधली ती जागा..."

"आदेशात जागेचा उल्लेख नाही, मॅडम."

त्या उठून गेल्या. मी फक्त आदेशाची भाषा बघितली. दुसरं काही कारण नव्हतं.

६ मे, सोमवार

ओडेला प्रत घ्यायला आली. काउंटरवर उभ्या उभ्या नऊ पानं उलटली. मला वाटलं ओरडेल. तिने चष्मा पुसला आणि एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा लोनी का?"

"मला सांगता येत नाही."

"असेल. त्याच्या नावाएवढाच लांब आहे."

मग पान आठ वाचलं. दोनदा. घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "उद्या येशील ना बोर्डात?"

"प्रत खरी असल्याचं सांगायला यावंच लागेल. कामाचा भाग आहे."

७ मे, मंगळवार

जमेल तसं सगळं लिहून ठेवतो.

बोर्डाचा हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत रॉयस हॅल्कम, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. कोपऱ्यात टेबलावर केक : नव्या तुरुंगाच्या आकाराचा, वर क्रीमने "रॉयस हॅल्कम भवन". मतदान व्हायचं होतं, केक आधीच आला होता.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. ओडेला उभी राहिली आणि पानं वाचू लागली. जिथे काळं होतं तिथे "काळं" म्हणायची.

"प्रश्न : काळं, त्या दिवशी काय झालं? उत्तर : काळं प्यायलेला होता. काळं पडला. काळं, काळं, काळं. काळं तेव्हा..."

सुरुवातीला दोघं तिघं फिसकन हसले. मग हसणं बंद झालं. पान सहावर तिने सलग चार ओळी "काळं" म्हटलं. मी खाली बघत होतो. तो प्रश्न, ते जेवण आणि तो "बरं" वाचून ती बसली. तीन मिनिटं केव्हाच उलटली होती, पण कुणी अडवलं नाही.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण हा प्रश्न विचारणारा कोण, ते माहीत नाही. टाइप करणाऱ्याची चूकही असू शकते. मिस्टर स्टॅम्पर, प्रत खरी आहे?"

"खरी आहे."

"मग हा सात नंबर कोण, ते अर्थातच कुणालाच सांगता येणार नाही."

मी तेवढं बोलून बसायला हवं होतं. सव्वीस वर्षं तेच केलं.

"माझे वडील," मी म्हणालो. "ऑरिन स्टॅम्पर. टाइप करणाऱ्याची चूक नाही. ते असंच बोलायचे."

मला वाटलं हॉलचं छत कोसळेल. माझ्या हातून गुन्हा घडला होता, चारशे लोकांसमोर, माइकवर. पण कुणी श्वाससुद्धा रोखला नाही. चाकाच्या खुर्चीतून इमोजीन कॉबचा आवाज आला, "खाली बस, व्हर्लिन. माहीत आहे आम्हाला."

मी सगळीकडे बघितलं. न्हावी, पोस्टमास्तरीण, पाद्री, माझी नोला. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हॅलोरन काउंटीचं हे गुपित ज्याला अजून गुपित वाटत होतं असा अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस होता, आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

नाव देण्याचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी पुढे ढकलला. हॅल्कमने टोपी घातली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. केक टाकून कसा द्यायचा? रोवेना मॅडमनी सुरीने वरचं नाव खरवडून काढलं आणि सगळ्यांना वाटला.

बाहेर पार्किंगमध्ये मी ओडेलाला गाठलं. "वडील त्यात होते, ते तुम्हाला..."

"माहीत होतं. त्याच्या पुढच्या वसंतात तुझा बाप माझ्याकडे आला होता. तासभर गाडीतच बसून राहिला. मग आत येऊन म्हणाला, मी एक प्रश्न विचारला आणि मग गप्प बसलो."

"मग एवढा अर्ज, कोर्ट, हे सगळं कशाला? तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं."

"लोकांनी सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "मला कोर्टाच्या तोंडून ऐकायचं होतं."

२१ मे, मंगळवार

उपमुख्य क्लार्कच्या जागी रोवेना मॅडमचा पुतण्या आला. त्याला काय काय काम असतं ते समजावून सांगायला मला सांगितलंय.

सरकारी वकील ब्रॅशियर यांनी माझं प्रकरण हाती घेतलंय. सीलबंद बाब उघड करणं. ते ग्रँड ज्युरीपुढे जाणार. माझ्याबद्दल आत काय बोलणं झालं ते मला कधीच कळणार नाही, कारण ते गोपनीय असेल. याआधी ही व्यवस्था मला फार सुंदर वाटायची.

नोला म्हणाली, "रकाना सात भरून अर्ज कर." आणि इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

१२ जून, बुधवार

सकाळी दहाला बारा जण आत गेले. त्यांतल्या आठांना मी ओळखतो. मी बाहेर बाकावर. दार जाड आहे, काही ऐकू येत नाही. एकदा ब्रॅशियर लालबुंद होऊन बाहेर आले, तळघराची किल्ली मागितली, खाली गेले आणि पातळशी एक फाईल घेऊन परत आत शिरले. अकरा दहाला सगळे बाहेर आले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, नियमाप्रमाणे.

मला एक तास दहा मिनिटं मिळाली. लोनी फ्युगेटला एकोणीस.

डायनरमध्ये जाऊन बसलो. तिथे वाढणाऱ्या ट्रुडीने सूप आणि मक्याचा पाव ठेवला आणि टेबल पुसत म्हणाली, "नाही ठेवला आरोप."

"ते गोपनीय असतं, ट्रुडी."

"म्हणून तर हळू बोलतेय. ज्युरीतल्यांनी ब्रॅशियरला म्हटलं, याने कुठलं गुपित फोडलं ते बघितल्याशिवाय आम्ही ठरवणार कसं? मूळ पानं आणा. आणि त्याला ती वाचावी लागली. सगळी. काळं न करता."

"सगळी?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. पान सहावर दोघी रडल्या म्हणे."

सूप तसंच टाकून मी उठलो. पान सहावरचं ते ओडेलाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होतं. गाडी नदीकाठाला घातली. पण तिच्या अंगणात आधीच दोन गाड्या उभ्या होत्या. ज्युरीतल्या दोघी झाकलेली भांडी घेऊन आल्या होत्या आणि आता निघत होत्या. मला बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि पटकन गेल्या.

ओडेला व्हरांड्यात बसली होती. भांड्यांवरची झाकणं काढलेली नव्हती.

"एकीने एक सांगितलं, दुसरीने दुसरंच," ती म्हणाली. "लोनीने मला बोलवायला सांगितलं होतं, एवढं खरं का?"

"हो."

"तू वाचलं होतंस?"

"हो."

"आणि काळं केलंस. स्वतःच्या हाताने."

"हो." परिच्छेद पाच असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते बोललो नाही.

नदीवरून एक बोट गेली. ओडेलाने भांडी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "तिथे लिहिलंय तसंच सांग. स्वतःचं काही घालू नकोस."

मी उभाच होतो. पान सहा, ओळ अकरा ते चौदा. मला ते पाठ आहे.

"साक्षीदार : तो गज धरून सारखा म्हणत होता, माझ्या बहिणीला फोन करा. ओडेलाला फोन करा, ती येईल. मी म्हटलं, सकाळी बघू. तर म्हणाला, ती आत्ता येईल, तुम्ही फोन तर करा. मग थोड्या वेळाने म्हणेनासा झाला."

ती माझ्याकडे बघत नव्हती. नदीकडे बघत होती.

"आले असते मी," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.